कपाळावरचा दिवा आणि बेडकांची शिरगणती

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जगातील उभयचर प्राण्यांच्या स्थितीचे दुसरे जागतिक मूल्यांकन प्रसिद्ध झाले. ८,०११ प्रजातींचा आढावा घेऊन काढलेला त्याचा निष्कर्ष असा की, त्यांपैकी सुमारे ४१ टक्के प्रजातींचे अस्तित्व धोक्यात आहे. ही बातमी भारतातही सगळीकडे पोचली आणि दोन दिवसांनी विस्मरणात गेली. अशा आकड्यांविषयी एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: हे बेडूक मोजले कुणी, आणि कोणत्या उजेडात मोजले?

बहुतेक बेडूक रात्री बाहेर पडतात. सह्याद्रीतले अनेक बेडूक केवळ पावसाळी रात्रींतच आवाज देतात. त्यामुळे अशा आकड्यांमागे कुठेतरी एक ओढा असतो, कोसळणारा पाऊस असतो, जळवा असतात आणि कपाळाला पट्ट्याने बांधलेला एक दिवा असतो. गिर्यारोहक त्याला हेडटॉर्च म्हणतात, दुकानदार हेडलॅम्प म्हणतो. संशोधनाच्या खर्चात त्याची नोंद बहुधा ‘किरकोळ साहित्य’ या सदरात होते. हे सदर चुकीचे कसे, हे समजून घ्यायला बंगळुरू ही सोयीची जागा आहे.

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, घाटाच्या पर्जन्यछायेत वसले आहे. वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेताबेताने. १९०५ साली शिवनसमुद्रच्या जलविद्युतीवर या शहरात विजेचे दिवे लागले. तेव्हापासून इथल्या माणसाला काळोखाशी झगडण्याचे फारसे कारण उरलेले नाही. परंतु इथूनच साडेतीनशे किलोमीटरवर शिवमोग्गा जिल्ह्यात आगुंबे आहे. तिथे वर्षाला सात-आठ हजार मिलिमीटर पाऊस होतो. मराठी वाचकाने सिंधुदुर्गातली आंबोली डोळ्यांसमोर आणावी, प्रकार तोच. रॉम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली आगुंबेत वर्षावन संशोधन केंद्र उभारले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले परिस्थितीविज्ञान केंद्र त्याआधीचे. पुण्याच्या माधव गाडगीळांनी ते १९८३ साली सुरू केले. तेव्हापासून या शहरातले विद्यार्थी घाटात जात आहेत. कोरड्या शहरात विकत घेतलेली वस्तू ओल्या रानात वापरायची, ही त्यांची नित्याची अडचण आहे.

त्यांच्या हाती काय लागते याचे एक उदाहरण पुरे. उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान नावाचे दलदलीचे जंगल आहे. कन्नडमध्ये ‘कत्तले’ म्हणजे काळोख आणि ‘कान’ म्हणजे रान. या काळोख्या रानातून के. व्ही. गुरुराजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एका बेडकाचे वर्णन केले. मादीने डहाळीवर अंडी घातली की याचा नर पुढच्या पायांनी ओढ्यातला गाळ उचलतो आणि तो त्या अंड्यांवर लिंपतो. म्हणून त्याचे नाव ‘निक्टिबॅट्रॅकस कुंबारा’. कुंबार म्हणजे आपला कुंभारच. आंबोलीतल्या ज्या भेकाला शास्त्रीय नाव २००९ मध्ये मिळाले, तोही असाच अगदी लहानशा भूभागावर तगून आहे. हे प्राणी पूर्वीही तिथेच होते. कुणीतरी योग्य रात्री, योग्य जागी, पुरेशा उजेडात खाली वाकून पाहिले, एवढाच फरक पडला.

आता समजा, भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी अशा एका चमूबरोबर प्रथमच घाटात निघाली आहे. मूळची सांगलीची, बंगळुरूत पीएचडी करणारी. प्राणिशास्त्रातले तिला विशेष कळत नाही. पण दिवा निवडण्याचे काम तिच्याकडे आले आहे, कारण ‘तू फिजिक्सवाली’. ती दुकानात जाते. समोरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते: १,००० लुमेन, १० तास, वॉटरप्रूफ. या तीन दाव्यांची तपासणी तिला दुकानातच, पेन आणि कागद घेऊन करता येते.

पहिले दोन दावे एकत्र घ्यावेत. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यातून प्रत्येक वॅटमागे सुमारे १०० ते १५० लुमेन प्रकाश मिळतो. १५० हा उदार आकडा धरला तरी १,००० लुमेनला जवळपास ६.७ वॅट लागतात, म्हणजे दहा तासांना ६७ वॅट-तास. खोक्यातला लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्ट आणि ३,००० मिलिअँपिअर-तासांचा असेल, तर त्यात एकूण ऊर्जा १०.८ वॅट-तास. जमाखर्चात सहापटीची तूट आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खोक्यावरच्या छपाईने बदलत नाही.

तरीही कंपनी खोटे बोलते असे म्हणता येत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. हातदिव्यांसाठी ‘एफएल-१’ नावाचे एक अमेरिकी मानक २००९ पासून प्रचलित आहे. त्यानुसार लुमेन मोजायचे ते दिवा लावल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या अवधीत. आणि दिवा किती तास चालला हे मोजायचे ते प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे पहिली काही मिनिटे हजार लुमेन, मग झपाट्याने उतार आणि उरलेली रात्र दीडशे-दोनशे लुमेन, असा दिवाही नियमाने ‘१,००० लुमेन, १० तास’ ठरू शकतो. दोन्ही आकडे खरे. पण ते एकाच वेळचे नव्हेत. म्हणून खोक्यावरच्या आकड्यापेक्षा वेळेनुसार प्रकाश कसा घटतो याचा आलेख महत्त्वाचा. काही दिव्यांत विद्युतप्रवाह नियंत्रित करणारे मंडल असते. त्यामुळे प्रकाश तासन्‌तास एका पातळीवर राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो. शेतावरून घरी परतणाऱ्या माणसाला हळूहळू मंदावणारा दिवा सोयीचा, कारण त्याला सूचना मिळते. मोजणी करणाऱ्याला सपाट आलेखाचा दिवा हवा. त्याचे कारण पुढे येईल.

दिव्याचा पल्लाही याच मानकात ठरलेला आहे. ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर म्हणजे पल्ला. व्यस्त वर्गाच्या नियमाने तो झोताच्या तीव्रतेच्या वर्गमुळाच्या दुप्पट येतो: २,५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० कँडेलाला २०० मीटर. पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. पण ओढ्याच्या काठी बेडूक असतो दोन-तीन मीटरवर. तिथे दूरवर जाणारा बारीक झोत नको. रुंद, समान पसरलेला उजेड हवा. शंभर ते दोनशे लुमेन तेवढ्याला भरपूर होतात. लांबचा झोत हवा तो ओढ्याचे पाणी चढले आहे का, पलीकडची वाट कुठे आहे, हे पाहण्यापुरता.

आता तिसरा दावा, पाण्याचा. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला तांत्रिक अर्थ नाही. अर्थ आहे तो ‘आयपी’ या अक्षरांपुढच्या अंकाला. आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून कठीण, उत्पादकाने जाहीर केलेली परिस्थिती. आगुंबेच्या पावसात नुसत्या ४ वर विसंबणे धाडसाचे आहे. निसरड्या दगडावरून पाय सुटला की दिव्यासकट माणूस पाण्यात असतो, तेव्हा ७ हा किमान अंक मानावा. पण इथे विद्यार्थिनीचे भौतिकशास्त्र तिला आणखी एक पाऊल पुढे नेते.

एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळपास ९.८ किलोपास्कल. प्रयोगशाळेतल्या या चाचणीची एक अट अशी की, उपकरण आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक नसावा. रानात ही अट पाळली जात नाही. समजा, तासभर लावलेल्या दिव्याच्या आतली हवा ४७ अंश सेल्सिअसला आहे आणि तो २२ अंशांच्या ओढ्यात पडला. ३२० केल्विनची हवा २९५ केल्विनला आली. आकारमान तेच राहिले तर दाब सुमारे ८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ८ किलोपास्कलने उतरेल. हा दाब ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका झाला. ओढा घोट्याएवढा असला तरी दिव्याच्या सांध्यावर मात्र जवळपास एक मीटर खोल बुडाल्याइतका ताण येतो. आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत खेचू पाहते. रात्रभर पाऊस झेलणारा दिवा असाच लावताना फुगतो आणि मालवताना आकसतो; त्याचा हा संथ श्वास ज्या फटीतून चालतो, तिथूनच ओल शिरते.

ही फट अडवते ते ‘ओ-रिंग’ नावाचे साधे रबरी कडे. त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी सातचा अंक कागदावरच राहतो. म्हणून दिवा पाहताना आधी पाहायचे ते सेलचे झाकण: कडे दिसते का, पुसता येते का, बदलता येते का. चार्जिंगचे छिद्र केवळ रबराच्या बोंडाने झाकलेले असेल, तर ते सर्वांत दुबळी जागा समजावे. ओल्या छिद्रात चार्जर खुपसला की विद्युतअपघटनाने तिथले धातूचे संपर्क खराब होतात. ओल्या मुक्कामात सेल काढून वेगळा चार्ज करता येणारा दिवा अधिक टिकतो.

पाणी आत न शिरताही काच धुरकट होते, याचे अनेकांना कोडे पडते. २५ अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते, २० अंशांना १७ ग्रॅमच्या थोडे वर. पावसात उभे राहून सेल बदलला तर दिव्यात अशी संपृक्त हवा कोंडली जाते. आतली जागा २० घनसेंटिमीटर धरली, तर पाच अंश थंड होताच दहाव्या हिश्श्याहून किंचित अधिक मिलिग्रॅम पाणी मोकळे होते. ऐकायला हे नगण्य आहे. पण तेच पाणी पाच चौरस सेंटिमीटर काचेवर बसले तर सरासरी ०.२ मायक्रोमीटरचा थर होतो, आणि तो बारीक थेंबांच्या रूपात बसतो. प्रकाश विखुरायला तेवढे पुरेसे आहे. उपाय साधा: सेल बदलायचे ते शक्यतो कोरड्या खोलीत, निघण्यापूर्वी, आणि दिवा ठेवायचा तो सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात.

मग धुके. घाटात ढगच जमिनीवर उतरलेला असतो. अशा वेळी दिव्याचा प्रकाश वाढवला की समोर दिसायचे कमी होते. पांढरी भिंत उभी राहते. पिवळा दिवा धुके भेदतो असा एक समज आहे. प्रकाशाच्या विकिरणाचा अभ्यास करणाऱ्या सी. व्ही. रामन यांच्या शहरात तरी तो तपासून घ्यायला हवा. आकाश निळे दिसते कारण हवेचे रेणू तरंगलांबीच्या मानाने अतिसूक्ष्म आहेत आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रोमीटरचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास वीसपट. तो सगळे रंग सारखेच विखुरतो. ढग पांढरा दिसतो तो याच कारणाने. तेव्हा रंग बदलून फारसे साधत नाही.

साधते ते जागा बदलून. दिवा कपाळावर, डोळ्यांच्या अगदी वर असतो. त्याचा झोत आणि दृष्टिरेषा साधारण ३० सेंटिमीटरवरच एकमेकांत मिसळतात. धुक्यावर पडणारा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो, म्हणून डोळ्यांत परतणारी चकाकी मुख्यतः जवळच्या धुक्यातून येते. हिशोब केला तर ३० सेंटिमीटर ते एक मीटर एवढ्या छोट्या टप्प्यातूनच सुमारे ७० टक्के चकाकी येते. तोच दिवा काढून कमरेपाशी धरला आणि झोत दृष्टिरेषेला दोन मीटरपुढे मिळू दिला, तर चकाकी सुमारे सातव्या हिश्श्यावर येते. सेलमध्ये एकही वॅट-तास न वाढवता वाट दिसू लागते. पट्ट्यातून सहज सुटणारा दिवा घ्यावा, तो यासाठी.

मग कायमच कमरेला का बांधू नये? कारण प्राण्यांचे डोळे. डोळ्यात शिरलेला प्रकाश भिंगातून मागच्या पडद्यावर केंद्रित होतो आणि परतताना साधारण त्याच वाटेने उगमाकडे येतो. म्हणून पानापाचोळ्यातला कोळी किंवा बेडूक दोन ठिणग्यांसारखा चमकतो, पण ती चमक पाहायला पाहणाऱ्याचा डोळा दिव्यालगतच असावा लागतो. जी जागा धुक्यात नडते, तीच जागा प्राणी शोधून देते. अनुभवी मंडळी कपाळावर एक आणि हातात एक असे दोन दिवे बाळगतात, त्यामागे हे कारण आहे.

ज्याला शोधायचे, त्याच्या बाजूनेही विचार हवा. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी लाल रंगाला जवळपास आंधळ्या असतात. माणसाच्या डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाचा एक लखलखाट ती मोडतो. लाल दिव्यात ती बरीचशी टिकते. बेडकांची रात्रीची दृष्टीही अशाच पेशींवर चालते. गाळ लिंपण्यात गुंतलेल्या नरावर हजार लुमेन रोखले, तर वहीत नोंद होते ती त्याच्या वर्तनाची नव्हे, दिव्याला त्याने दिलेल्या प्रतिसादाची. मंद आणि लाल अशा दोन्ही पातळ्या असाव्यात, आणि लाल पातळीवर जाताना आधी पांढरा झोत डोळ्यांसमोरून जावा लागू नये. कळांचा हा क्रम दुकानात दोन मिनिटांत तपासता येतो.

आता मूळ प्रश्नाकडे यायला हरकत नाही. समजा, ओढ्याच्या ठरलेल्या पट्ट्यात १०० बेडूक आहेत आणि जुन्या दिव्याने त्यांतले ४० दिसतात. पुढच्या वर्षी चमूला अनुदान मिळाले, नवा दिवा आला, आणि आता ५० दिसू लागले. वहीत २५ टक्के वाढ नोंदली गेली. रानात एकही बेडूक वाढलेला नाही. उलटही घडते. मंदावत जाणारा दिवा रात्रीच्या अखेरीस दहा टक्क्यांवर आला की तेवढाच उजेड पडणारे अंतर एक-तृतीयांशाच्या खाली येते. मग ओढ्याचा वरचा भाग, जिथे चमू नेहमी शेवटी पोचतो, बेडकांवाचून ओसाड दिसू लागतो. अशा नोंदी दहा वर्षे साठल्या तर सेलची घसरण प्रजातीची घसरण म्हणून छापली जाऊ शकते. म्हणूनच सपाट आलेखाचा दिवा. संख्याशास्त्रज्ञ आता ‘आढळण्याची शक्यता’ वेगळी मोजतात आणि एकाच जागी अनेकदा जाऊन तिचा अंदाज घेतात. पण ज्या दिव्याचा उजेड किती होता हेच कुणी लिहिले नाही, त्याची दुरुस्ती कुठलेही सूत्र सहज करू शकत नाही. तापमापी आणि पर्जन्यमापक यांच्या ओळीत दिवा बसतो तो इथे. तो मोजण्याचे उपकरण आहे.

उपकरण बंद पडले तर मोजणी थांबते. दिवा बंद पडला तर परतीची वाटही जाते. फांदीवरच्या चापड्याला माणूस दिसतो, माणसाला चापडा दिसत नाही. म्हणून दुसरा दिवा हवाच. एका रात्रीत एक दिवा बंद पडण्याची शक्यता २० त १ धरली, तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता ४०० त १ येते. परंतु हा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. एकाच दुकानातले, एकाच बनावटीचे, एकाच पावसात भिजलेले दोन दिवे स्वतंत्र नसतात. जे एकाला मारते ते दुसऱ्यालाही मारते. दुसरा दिवा वेगळ्या बनावटीचा, वेगळ्या प्रकारच्या सेलचा आणि बंद पिशवीत कोरडा असावा. तो स्वस्त असला तरी चालेल.

विकत घेतलेल्या दिव्याची परीक्षा रानात जाण्याआधी वसतिगृहाच्या न्हाणीघरात करता येते. दिवा सर्वांत तेजस्वी पातळीवर वीस मिनिटे लावून गरम करावा, मालवावा, झाकण उघडून आत टिश्यू कागदाची एक घडी ठेवावी, झाकण घट्ट लावून दिवा लगेच थंड पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवावा. बाहेर काढून आधी वरून पुसावा, मग उघडावा. कागद कोरडा असेल तर दिवा रानाच्या लायकीचा आहे. ओला असेल तर कडे तपासावे. लिथियम सेलला पाणी लागले असेल तर तो पुन्हा चार्ज करू नये. दुसरी परीक्षा रात्रीची: काळोख्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर दिवा लावून, मोबाइलच्या प्रकाशमापकाने दर दहा मिनिटांनी वाचन घ्यावे आणि आलेख काढावा. मोबाइलचे आकडे अचूक नसतील, पण उताराचा आकार खरा असतो. ज्या विद्यार्थ्याला घाटात जायचेच नाही, त्यालाही या दोन रात्रींत वायूंचे नियम, संपृक्त बाष्प आणि व्यस्त वर्ग हे पाठ्यपुस्तकाच्या बाहेर भेटतील.

आणि घाटात जाणाऱ्या विद्यार्थिनीने वहीच्या पहिल्या पानावर तारीख, तापमान आणि पाऊस यांच्याखाली आणखी एक ओळ लिहावी: दिवा कोणता, पातळी कोणती, सेल किती वाजता बदलला. दहा वर्षांनी कुणीतरी तीच वही उघडून त्याच ओढ्यावर जाईल, आणि कुंभार बेडूक खरोखर कमी झाला की नाही, हे ठरवताना त्याला ती ओळ लागेल.